दुसरा मॉनिटर मधेच 'नो सिग्नल' म्हणतो, वैताग आलाय (मदत हवी)

गुंतावळ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय, सांभाळून घ्या.

घरून काम करतो, पुण्यात. ऑफिसचा लॅपटॉप, त्याला दोन मॉनिटर. पहिला २४ इंची, तो टाइप सी वरून डिस्प्लेपोर्टला, गेली तीन वर्षं एकदाही कुरकुर नाही. दुसरा दिवाळीत घेतला, २७ इंची, १४४०पी रेझोल्युशनचा, तो लॅपटॉपच्या एचडीएमआयला. हा दुसरा मधेच काळा होतो, दोन-तीन सेकंद 'नो सिग्नल' लिहून येतं आणि मग आपला आपण परत येतो, जसं काही झालंच नाही. दिवसातून कधी चार वेळा कधी पंधरा वेळा. रविवारी पिक्चर बघत बसलो तर अडीच तासात एकदाही नाही, आणि सोमवारी मीटिंगमधे स्क्रीन शेअर करताना बरोब्बर गेला.

करून झालेलं: ड्रायव्हर अपडेट, ड्रायव्हर काढून परत टाकणं, पॉवर सेव्हिंगची सगळी सेटिंगं बंद, मॉनिटर फॅक्टरी रीसेट. कंपनीचा माणूस घरी येऊन गेला, तो होता त्या अर्ध्या तासात मॉनिटर शहाण्या मुलासारखा बसून होता. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष त्यांचा आहे की नाही हेच कळत नाहीये.

चहाबाज
रुमाल टाकून ठेवतो. माझाही सेम प्रॉब्लेम आहे.

वऱ्हाडी ठेचा
विंडोज फॉरमॅट मार ना भाऊ. अर्धे रोग तिथंच बरे होते.

गुंतावळ
@वऱ्हाडी ठेचा ऑफिसचा लॅपटॉप आहे हो, फॉरमॅट मारला तर मॉनिटरबरोबर नोकरीचाही सिग्नल जायचा.

सोल्डरगन
आधी एक सांगा, जातो म्हणजे नेमकं काय जातं? तीन वेगळे प्रकार असतात आणि लोक तिन्हीला 'स्क्रीन गेली' म्हणतात.

एक, मॉनिटरचा पॉवरचा दिवासुद्धा विझतो. म्हणजे त्याचा अडॅप्टर किंवा आतला सप्लाय दमलाय, केबल बदलून काही होणार नाही. दोन, दिवा चालू पण पडदा काळा, मोबाईलचा टॉर्च तिरका मारला की चित्र अंधुक दिसतं, म्हणजे बॅकलाइट गेली. तीन, तुमच्यासारखं 'नो सिग्नल' लिहून येतं. म्हणजे मॉनिटर ठणठणीत जागा आहे, त्याला बिचाऱ्याला वरून काही येतच नाहीये.

आता तिसऱ्यातही दोन पोटजाती. स्क्रीन जाते तेव्हा त्या मॉनिटरवरच्या खिडक्या उड्या मारून पहिल्या मॉनिटरवर येतात का? विंडोजचा तो काहीतरी उपटल्याचा आवाज येतो का? येत असेल तर लॅपटॉपला खरंच वाटतंय की केबल काढली. एचडीएमआयमधे १९ नंबरची पिन असते, हॉट प्लग डिटेक्ट, मॉनिटर जोडलेला आहे की नाही ते लॅपटॉप तिच्यावरून ओळखतो. आणि खिडक्या जागच्या जागी राहत असतील, आवाजही नसेल, तर जोडणी शाबूत आहे, फक्त चित्राचा डेटा मधे फाटतोय.

गुंतावळ
आवाज नाही. खिडक्या पण हलत नाहीत. दिवा चालू. आणि लॅपटॉपला पत्ताच नसतो, मी माउस नेला तर तो काळ्या पडद्यावर जाऊन बसतो.

सोल्डरगन
मग ड्रायव्हरचा नाद सोडा. खात्रीच करायची तर इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिमच्या नोंदीत ४१०१ नंबर शोधा, ग्राफिक्स ड्रायव्हर झोपून परत उठला की तो नंबर पडतो. नसेल तर प्रश्न केबल, पोर्ट किंवा आजूबाजूची वीज ह्या तिघांतलाच.

भावा थांब जरा
मॉनिटरच्या मेनूत इनपुट 'ऑटो' वर असंल बघ भावा. ते एचडीएमआय १ वर ठेव, ऑटो काढून टाक. माझा असाच जायचा, सिग्नल जरा डळमळला की हा शहाणा दुसऱ्या पोर्टावर शोधायला जायचा आणि फिरून यायला चार सेकंद घ्यायचा. डीप स्लीप असं काय असलं तर तेबी बंद कर.

गुंतावळ
४१०१ नाही. गेल्या महिन्याभरात एकही नाही.
@भावा थांब जरा, ऑटो काढलं. आता तीनच्या ऐवजी दीड सेकंदात परत येतो, पण जायचा तो जातोच. तरी धन्यवाद, अर्धा वैताग कमी झाला.

चहाबाज
माझ्याकडे खिडक्या उड्या मारतात. आवाजही येतो. विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी दाबलं की कधी कधी लवकर परत येतो.

सोल्डरगन
@चहाबाज मग तुमचा प्रॉब्लेम सेम नाही. त्या चार बटणांनी ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, बरं वाटतं पण रोग तिथेच. मधे हब किंवा डोंगल आहे का?

चहाबाज
आहे. टाइप सी चा सात तोंडांचा हब. त्यालाच चार्जर, हार्ड डिस्क, माउस, मॉनिटर सगळं.

सोल्डरगन
हात लावून बघा, किती तापलाय.

चहाबाज
पापड भाजता येईल.

निवृत्त पण कार्यरत
मी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्सच्या टेस्टिंगमध्ये काढलं, म्हणून थोडं लांबण लावतो, तरुण मंडळींनी चिडू नये.

केबलला लोक दोरी समजतात. १०८०पी चं चित्र ६० हर्ट्झला जातं तेव्हा पिक्सेलचा ठोका १४८.५ मेगाहर्ट्झ असतो. १४४०पी ला तोच साधारण २४१.५ होतो आणि केबलमधल्या वायरींच्या प्रत्येक जोडीतून ठोक्याला दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला २४० कोटींहून जास्त. इतक्या वेगात बाहेरून एक छोटासा झटका आला, मायक्रोसेकंदापेक्षाही लहान, तरी मॉनिटरची लय चुकते. लय चुकली की तो सगळं पहिल्यापासून जुळवायला घेतो. तुमचे दोन-तीन सेकंद जातात ते ह्या जुळवाजुळवीत, मूळ घोटाळा डोळ्याची पापणी लवायच्या आत संपलेला असतो. तेव्हा 'दोन सेकंद काय बिघडतं' हे शोधायला जाऊ नका, 'त्या क्षणी घरात काय घडलं' हे शोधा.

श्री. गुंतावळ, आपण आता कुठलीही वस्तू विकत घेऊ नका. एक वही घ्या. स्क्रीन गेली की वेळ आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं ते लिहा. तीन दिवस. आणि रीफ्रेश ७५ वर असेल तर ६० वर आणा, रेझोल्युशन काही काळ १०८०पी करून बघा. त्याने फरक पडला तर केबल काठावर चालली आहे असं समजायला जागा आहे.

वऱ्हाडी ठेचा
काका वही लिहायला लावून राहिले. शाळा सुरू झाली बे.

गुंतावळ
वही केली. काका, तुमचा हुकूम म्हणून खरंच केली, मुलीची गणिताची अर्धी कोरी वही घेतली. बुधवार ते शुक्रवारच्या नोंदी, सगळ्या देत नाही:

बुध ९:०५ कामाला बसलो. बुध ११:१० चहा. बुध ११:२५ काही नाही (मी टाइप करत होतो). बुध १:१५ जेवायला उठलो. बुध १:५० परत बसलो. बुध ४:०० बेल वाजली, कुरिअर. गुरु ९:१० बसलो. गुरु ९:४८ काही नाही. गुरु १२:३० फोन घ्यायला गॅलरीत. गुरु ३:३५ काही नाही, पण फ्रीज सुरू झाल्याचा आवाज आला असं वाटलं...

१०८०पी ला गुरुवारी दुपारनंतर ठेवला, त्यात फक्त दोनदा गेला.

मला तर कुठलाच पॅटर्न दिसत नाही. चहाचा संबंध असेल तर मी चहा सोडायला तयार आहे. (खोटं. नाही सोडणार.)

जर्सीतली जाई
अहो गुंतावळ, पॅटर्न नाही कसा!! बसलो, उठलो, परत बसलो, बेल वाजली म्हणजे उठलात, फोन घ्यायला उठलात. खुर्ची!!

हसू नका कोणी. मी न्यू जर्सीत असते, इथे हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की दाराच्या मुठीला हात लावला तरी चटका बसतो. आमच्या ऑफिसात एका बाईंचा मॉनिटर त्या उठल्या की जायचा, आणि त्या उठलेल्या असल्यामुळे त्यांना कधी कळायचंच नाही, शेजारच्याला दिसायचं. गॅस लिफ्टची, म्हणजे दांडी ओढून उंची कमी-जास्त करायची खुर्ची होती. यूएसबीवरून मॉनिटर जोडायच्या चिपा करणारी डिस्प्लेलिंक म्हणून कंपनी आहे, तिने आपल्या सपोर्टच्या पानावर सरळ लिहिलंय की गॅस लिफ्टच्या खुर्चीवरून उठबस झाली की झटका निघतो, तो व्हिडिओ केबल उचलते आणि पडदा जातो.

भावा थांब जरा
खुर्चीमुळं मॉनिटर?? नाद खुळा. उद्या म्हणशीला पाटावर बसून कोडिंग करा.

निवृत्त पण कार्यरत
जाईताई अगदी बरोबर बोलत आहेत, आणि मला हे वहीतली पहिली ओळ वाचूनच लक्षात यायला हवं होतं, वय झालं.

खुर्चीच्या त्या नळकांड्यात आणि खालच्या यंत्रणेत धातूचे सुटे भाग असतात, मधे प्लास्टिक, ग्रीस. आपण उठलो की कापड आणि फोम वेगळे होताना चार्ज साठतो, सगळ्या भागांवर सारखा बसत नाही, मग त्या भागांमधे आतल्या आत बारीक ठिणगी पडते. आपल्याला चटका बसत नाही, काही दिसत नाही, पण फार कमी वेळात घडत असल्याने तिच्यातून रेडिओसारखी लहर बाहेर पडते. केबलचं शील्ड, म्हणजे वायरींवरचं धातूचं आवरण, चांगलं असेल तर ती बाहेरच थांबते. शील्ड नावापुरतं असेल तर केबल अँटेना होते. डिसेंबरात पुण्यात दुपारी हवा कोरडी असते. दिवाळीत मॉनिटर घेतला म्हणालात, म्हणजे पाऊस संपल्यावर. आणि रविवारचा पिक्चर बहुतेक सोफ्यावरून पाहिला असणार?

गुंतावळ
सोफ्यावरूनच पाहिला. अंगावर काटा आला राव.

माडाखालचा
आम्ही रत्नागिरीकर हो. आमच्याकडे हवेत इतकं पाणी की स्वेटर काढताना चटचट होते हे फक्त पुण्याला गेल्यावर कळते. मॉनिटर जात नाही, मात्र एचडीएमआयच्या पिना हिरव्या पडतात. ज्याचं त्याचं दुखणं.

निवृत्त पण कार्यरत
प्रयोग करून बघा. काही बदलू नका, तीच केबल, तीच खुर्ची. वीस वेळा उठा आणि बसा, प्रत्येक वेळी पूर्ण भार देऊन. किती वेळा जातो ते मोजा. मग स्वयंपाकघरातली लाकडी नाहीतर प्लास्टिकची खुर्ची आणून परत वीस वेळा.

गुंतावळ
मुलगी वही घेऊन मोजायला बसली, मी उठाबशा काढल्या, बायकोने व्हिडिओ काढला आणि तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. विज्ञानासाठी हे सगळं सहन केलं.

गॅस लिफ्टची खुर्ची: वीसपैकी सात वेळा गेला. पाच वेळा उठताना, दोनदा बसताना.
प्लास्टिकची खुर्ची: वीसपैकी शून्य.

खुर्चीच आहे!! पण मग 'काही नाही' वाल्या नोंदींचं काय? तेव्हा मी हललो पण नव्हतो.

सोल्डरगन
तो दुसरा चोर. फ्रीजचं तुम्हीच लिहिलंय. कंप्रेसर सुरू-बंद होताना लाइनवर झटका येतो, चोकवाली जुनी ट्यूब बंद करतानाही येतो. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून हळूच बोट फिरवलं की झिणझिण्या येतात का? चार्जिंगला असताना?

गुंतावळ
येतात! मला वाटायचं ऑफिसचा लॅपटॉप आहे, स्ट्रेस असेल.

सोल्डरगन
अर्थिंग नाही तुमच्या बोर्डाला. अडॅप्टरच्या आत फिल्टरसाठी छोटे कपॅसिटर असतात, ते गळणारा किंचित करंट अर्थमधे सोडून देतात. अर्थच नसेल तर तो जाणार कुठे, मग लॅपटॉपचं अंग सप्लायच्या निम्म्या व्होल्टेजच्या आसपास तरंगत राहतं. करंट अगदी नगण्य असतो, पण तो एचडीएमआय केबलच्या शील्डमधून मॉनिटरकडे वाट शोधतो. म्हणजे जे शील्ड बाहेरचा कचरा अडवायला आहे त्याच्यातूनच कचरा वाहतोय.

थ्री पिनचा प्लग कुठेतरी टू पिनच्या जुगाडात घातलाय का ते आधी बघा. तो नसेल तर वायरमन बोलवा. मीटरवर फेज ते अर्थ २३० च्या जवळपास यायला पाहिजे आणि न्यूट्रल ते अर्थ अगदी थोडे व्होल्ट. स्वतः बोर्ड उघडू नका. आणि वायरमनने 'न्यूट्रललाच अर्थ जोडून देतो' म्हटलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा, ते जिवावर बेतू शकतं, न्यूट्रल तुटली की फ्रीजपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्यांच्या अंगावर फेज येईल.

वऱ्हाडी ठेचा
हे बाकी खरं सांगून राहिले. आमच्याकडे कूलरले लोक अशेच चिकटते उन्हाळ्यात. अर्थिंग पाह्यजेच.

चहाबाज
अवांतर, पण माझं काय? पापड तयार आहे.

सोल्डरगन
@चहाबाज हार्ड डिस्क आणि चार्जर हबमधून काढा, दोन्ही थेट लॅपटॉपला लावा, हबला फक्त मॉनिटर आणि माउस ठेवा. दोन दिवस बघा. बहुतेक तापल्यावर किंवा पॉवर कमी पडल्यावर हबच रीसेट होतोय, म्हणून आवाज येतो.

गुंतावळ
अपडेट. शनिवारी वायरमन आला. अभ्यासाच्या खोलीतल्या बोर्डात हिरवी वायर आलेली आहे पण सॉकेटला जोडलेलीच नाही, मागे गुंडाळून ठेवली होती. दहा वर्षं. फेज ते अर्थ मीटर ९० का काहीतरी दाखवत होता, जोडल्यावर २३४. झिणझिण्या गायब.

संध्याकाळी तपकीर गल्लीत जाऊन नवी एचडीएमआय आणली, दीड मीटर, जाड, प्रीमियम हाय स्पीडचं स्कॅन करायचं लेबल असलेली. जुनी तीन मीटरची होती, ऑनलाइन सेलमधली, तिच्यावर सोनेरी अक्षरात '४के' लिहिलेलं आणि जाडी मोगऱ्याच्या गजऱ्याच्या दोऱ्याएवढी. दुकानदाराने दोन्ही हातात धरून वजन केल्यासारखं केलं आणि माझ्याकडे बघून नुसता हसला.

रविवारी वीस उठाबशा: शून्य! सोमवार, मंगळवार: शून्य!! सगळ्यांचे आभार, माझ्याकडून धागा सुटला असं समजतो.

निवृत्त पण कार्यरत
अभिनंदन. पण आपण एकाच दिवशी दोन गोष्टी बदलल्यात. आता कशामुळे बरं झालं ते कसं कळणार? जुनी केबल परत लावा.

भावा थांब जरा
काका, चाललंय ते चालू दे की!

जर्सीतली जाई
नाही नाही, मला पण जाणून घ्यायचंय. लावा हो जुनी.

गुंतावळ
लावली. (ह्या वेळी दार बंद करून, व्हिडिओ नको होता.)

अर्थिंग नवं, केबल जुनी, तीच खुर्ची: वीसपैकी पाच वेळा गेला. म्हणजे खुर्चीचा झटका केबलच उचलत होती, अर्थिंगने त्यात विशेष फरक पडला नाही. पण एक गंमत, जुन्या केबलवर पूर्ण दिवस काढला आणि 'काही नाही' वाली एकही नोंद नाही. फ्रीज सुरू झाला, बंद झाला, मी मुद्दाम दार उघडं टाकून कंप्रेसर चालू करवला (ह्यावरून वेगळं भांडण झालं), मॉनिटर ढिम्म. म्हणजे फ्रीजवाला चोर अर्थिंगने पकडला आणि खुर्चीवाला केबलने. असं आपलं मला वाटतं.

निवृत्त पण कार्यरत
एका दिवसाच्या नोंदीवर फ्रीजचा निकाल देणं धाडसाचं आहे, पण पहिला भाग मान्य. जुन्या केबलच्या दोन्ही टोकांना फेराइटचे क्लिप लावून अजून वीस...

गुंतावळ
काका, गुडघे!

सोल्डरगन
फेराइट म्हणजे केबलवर ती काळी गोळी असते ना, ती. चांगली केबल महाग वाटत असेल तर तो स्वस्तातला उपाय आहे, क्लिपसारखी मिळते, टोकाजवळ बसवायची. खुर्चीच्या केसमधे डिस्प्लेलिंकवालेही फेराइटवाली केबल वापरून बघा म्हणतात. पण केबलच भिकार असेल तर मलमपट्टीच ती.

आणि वाचणाऱ्यांसाठी, ज्यांचा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर आहे त्यांनी अगदी स्वस्त केबल घेताना जपून. त्यात २० नंबरच्या पिनेवर ३.३ व्होल्ट असतात, चांगल्या केबलमधे ती वायर दोन टोकांना जोडलेलीच नसते. काही भुरट्या केबलींमधे जोडलेली असते, मग मॉनिटर कॉम्प्युटरला उलटा सप्लाय देतो आणि बंद केलेला पीसी विचित्र वागायला लागतो.

माडाखालचा
हे भारी आहे. वाखु (वाचनखूण) साठवली.

चहाबाज
माझं अपडेट. चार्जर आणि हार्ड डिस्क काढल्यापासून दोन दिवसांत एकदाच गेला, तोही मी हबवर गरम चहाचा कप ठेवला होता तेव्हा.

सोल्डरगन
हबवर कप का ठेवला??

चहाबाज
सपाट होता म्हणून.

जर्सीतली जाई
गुंतावळ, खुर्ची तीच ठेवलीत का शेवटी?

गुंतावळ
तीच. पंधरा दिवस झाले, नवीन केबलवर एकदाच गेला, आणि तेव्हा मुलगी त्या खुर्चीवर लोकरीची शाल पांघरून गोल गोल फिरत होती. ते मी वहीत लिहिलंय पण मोजत नाही. जुनी केबल आईने गॅलरीतल्या तोंडल्याच्या वेलाला आधार म्हणून बांधली आहे.